सोलापूरच्या जुन्या गाड्या: फोटो टाका, आणि त्या चालू ठेवणारे हातही दाखवा

कंबर तलाव

मंडळी, नमस्कार.

गेल्या रविवारी पहाटे सहाला गाडी काढली आणि भुईकोट किल्ल्याच्या तटाशी उभी करून फोटो काढले. त्यातला हा बरा आलाय.

[फोटो: मरून जावा, डाव्या बाजूनं. मागे किल्ल्याचा काळा तट, टाकीच्या क्रोमवर आभाळाची पांढरी रेघ.]

जावा २५०, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली, १९६७ ची. आजोबांनी घेतलेली, मग वडिलांकडे, आता माझ्याकडे. सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन्ही बाजूंना. ज्या दांडीनं किक मारायची, तीच आत दाबून पुढं फिरवली की गिअरची दांडी होते. शिवाय गिअर टाकताना हातानं क्लच दाबला नाही तरी चालतं, पायाच्या दाबानंच क्लच सुटतो. हे तोंडी सांगून पटत नाही, चालवूनच बघावं लागतं.

फोटो घरी मोठा करून पाहिला. गाडी देखणीच आहे. पण ती अजून का चालते, ते या फोटोत कुठंच दिसत नव्हतं. म्हणून सोमवारी परत गेलो आणि दुसरा फोटो काढला.

[फोटो: दोन म्हातारे हात, नखांच्या कडांना काळं ऑइल मुरलेलं. हातात जावाचा क्रँक (पिस्टनची वरखाली चाल गोल फिरवणारा दांडा), मागे लेथ मशीन.]

हे आमचे मेस्त्री. वय पंच्याहत्तरीच्या घरात. तरुणपणी इथल्या एका कापड गिरणीत टर्नर होते. गिरणी बंद पडली तेव्हा मिळालेल्या पैशातून जुनं लेथ घेतलं आणि साखर पेठेकडच्या एका बोळात पत्र्याच्या खोलीत बसवलं. चार वर्षांपूर्वी माझी गाडी पांढरा धूर सोडायला लागली. मी तीन ठिकाणी दाखवली. कुणी म्हणालं पिस्टनच्या रिंगा गेल्या, कुणी म्हणालं पेट्रोलमध्ये ऑइल जास्त पडतंय. एकानं तर रिंगा बदलूनही दिल्या. धूर होता तसाच. मेस्त्रींनी गाडी खोललीच नाही. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून वास घेतला आणि म्हणाले, "गिअर ऑइल बघ की आधी. खाली एक थेंब सांडला नाही, आन् आत निम्मंच हाय. मग गेलं कुठं?"

ते गेलं होतं क्रँकच्या रबरी सीलमधून. टू स्ट्रोक इंजिनात क्रँककेस म्हणजे एक पंपच असतो. पिस्टन वर गेला की तो हवा-पेट्रोल आत ओढतो, खाली आला की सिलिंडरकडं ढकलतो. प्रायमरीच्या, म्हणजे क्लचच्या, बाजूचं सील वयानं कडक झालं की तोच पंप गिअरचं ऑइलही आत ओढतो आणि जाळतो. सील बदलायचं म्हणजे अख्खं इंजिन दुभंगायचं. खोललंच आहे तर कनेक्टिंग रॉडही बघू म्हणून पाहिलं, तर खालच्या टोकाला खेळ आलेला. क्रँक प्रेसवर सोडवून नवी पिन, नवे रोलर घातले. वरच्या टोकाचं बुश फॉस्फर ब्राँझचं स्वतः लेथवर कातलं. मग दोन सेंटरमध्ये क्रँक धरून, डायल लावून, तांब्याच्या हातोडीनं हलके ठोके देत तो सरळ करायला त्यांना पूर्ण दुपार लागली. काटा दोन शतांश मिलिमीटरवर आल्याशिवाय चहासुद्धा घेतला नाही.

तर धाग्याची विनंती अशी: आपापल्या गाडीचा फोटो टाका, जुनी असो की मनासारखी घडवून घेतलेली. पण सोबत दुसरा फोटो त्या हातांचा टाका, ज्यांच्यामुळं ती रस्त्यावर आहे. चेहरा, नाव, पत्ता नको. नंबरप्लेटही झाका. हात पुरेत.

---

अमीटर

धागा वाचला आणि लगेच खाली जाऊन फोटो काढले.

[फोटो: काळी बुलेट, उजव्या बाजूनं. टाकीवर सोनेरी रेघ. हेडलाइटच्या वर दोन छोटे पायलट दिवे.]

बुलेट ३५०, १९७८. बिडाचं इंजिन, ७० बोअर, ९० स्ट्रोक, ६ व्होल्ट, पॉइंट-कंडेन्सर. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात. पहिला वर, बाकीचे तीन खाली. टाच मारून न्यूट्रल काढायची वेगळी दांडी. माझी मुलगी अकरावीत आहे, तिला मी आधी ही चालवायला शिकवली, त्यामुळं तिला आता इतर गाड्यांचे ब्रेक उलटे वाटतात.

किक मारायची पद्धत नव्या लोकांसाठी लिहून ठेवतो, कारण पाय मोडून घेणारे अजून भेटतात. चावी लावा. डीकंप (सिलिंडरमधला दाब सोडणारी छोटी दांडी) दाबून धरा आणि किक हळूहळू खाली न्या, डोळे बॅटरीचा करंट दाखवणाऱ्या अमीटरच्या काट्यावर. पॉइंट (ठिणगीचा स्विच) मिटलेले असताना काटा डिस्चार्जकडं झुकलेला असतो. तो मध्यावर आला की पॉइंट उघडले, म्हणजे पिस्टन जिथं हवा तिथं आला. डीकंप सोडा, किक वर येऊ द्या, आणि मग एकच किक, पूर्ण, शेवटपर्यंत. अर्धवट मारली तर ती उलटी फेकते. वडिलांनी मला हे शिकवलं तेव्हा पहिले पंधरा दिवस गाडी सुरूच करू दिली नव्हती, नुसता काटा मध्यावर आणायचा.

आता हातांचा फोटो.

[फोटो: लांब केसांचा बारीक ब्रश, तीन बोटांत धरलेला. करंगळी टाकीवर टेकलेली.]

हे मेस्त्री नाहीत, पेंटर आहेत. मद्रासच्या कारखान्यात बुलेटच्या टाकीवरची रेघ हातानं ओढायचे, हे सगळ्यांना माहीत आहे. माझी टाकी परत रंगवायची वेळ आली तेव्हा सगळे स्टिकर लावा म्हणाले. शोधत शोधत नव्या पेठेत एक काका सापडले. पूर्वी दुकानांच्या पाट्या आणि नंबरप्लेट रंगवायचे. फ्लेक्स आल्यावर काम संपलं. त्यांनी ब्रश अजून तेलात भिजवून ठेवला होता. टाकी खुर्चीवर ठेवली, करंगळी टेकवली, श्वास रोखला आणि एका दमात मागून पुढं रेघ आणली. टेप नाही, पट्टी नाही. जवळून पाहिलं तर गुडघ्यापाशी रेघ केसभर जाड झालीय. ती जाडी मला फार आवडते.

---

शेंगापोळी

दोन्ही गाड्या नंबर एक! ती सोनेरी रेघ मोठी करून बघितली. काकांना माझा नमस्कार सांगा.

---

विहिरीवरचं इंजिन

मोहोळ तालुक्यातून लिहितोय. आमच्याकडं एन्फील्डची डिझेल आहे. ३२५ सीसी, साडेसहा हॉर्सपॉवर. साठच्या पुढं पळवू नये, आणि पळवायची गरजही नाही. आवाज अगदी विहिरीवरच्या इंजिनाचा. वडील द्राक्षबागेत जायचे तेव्हा कुत्री आवाज ओळखून अर्धा किलोमीटर पुढं यायची. लिटरला सत्तरच्या वर अजून देते.

[फोटो: हिरवी डिझेल बुलेट, कॅरिअरवर फवारणीचा पंप. मागे द्राक्षाचे मांडव.]

हातांचा फोटो उद्या टाकतो. ट्रॅक्टरच्या डिझेल पंपाचं काम करणारे आमचे फिटर शेतात असतात.

---

टू स्ट्रोक

[फोटो: राजदूत ३५०, चेरी लाल. कंबर तलावाच्या काठावर, पाण्यात सायलेन्सरचं प्रतिबिंब.]

३४७ सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर. एस्कॉर्ट्सनं १९८३ पासून यामाहाच्या आरडी ३५० वरून काढलेली. माझी एचटी आहे, म्हणजे साडेतीस हॉर्सपॉवरची. नंतर मायलेजसाठी एलटी आली, सत्तावीसची. चार हजार आरपीएमपर्यंत ही साधी गाडी असते, त्याच्या पुढं दुसरीच होते. जपानच्या मूळ गाडीला पुढं डिस्क होती, आपल्याकडं दोन्हीकडं ड्रम आला. म्हणून ही गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला मी आधी ब्रेक शू आणि केबल दाखवतो, मग पिकअप.

ऑइल वेगळ्या टाकीत असतं आणि पंपानं इंजिनाला जातं. हा ऑटोल्युब पंप जितका थ्रॉटल तितकं ऑइल देतो. पंपाच्या केबलची खूण आणि थ्रॉटलच्या केबलची खूण एकाच वेळी जुळली पाहिजे. किती तरी गाड्यांचे पिस्टन फक्त या एका खुणेपायी सिलिंडरमध्ये पकडले गेलेत. लोक कंटाळून पंप काढून टाकतात आणि पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात. मला ते पटत नाही. पंप चांगला असेल तर त्याच्यासारखं मोजून ऑइल माणूस देऊ शकत नाही.

हात माझेच आहेत. मेस्त्री होते ते गेले. त्यांच्याकडं मी सात वर्षं शनिवारी बसायचो. त्यांनी वही कधीच केली नाही, सगळं डोक्यात. पंपाच्या खुणेचं त्यांनी मला तीनदा दाखवलं म्हणून मला येतं. जे एकदाच दाखवलं, त्यातलं निम्मं मी विसरलोय. तुमच्यापैकी ज्यांचे मेस्त्री आहेत, त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ तरी करून ठेवा. कृपया.

---

कंबर तलाव

टू स्ट्रोक दादा, तुमचं वाचून आज संध्याकाळीच मेस्त्रींकडं गेलो. सील कसं बसवायचं ते त्यांनी बोलत बोलत दाखवलं, वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग झालं. ते म्हणाले, "एवढंच? मला वाटलं कुणी विचारायलाच येणार नाही."

---

बार्शी रोड

नमस्कार. मी इथं पहिल्यांदाच लिहितेय. माझ्याकडं दाखवण्यासारखा फोटो अजून नाही. आहे तो हा.

[फोटो: गोठ्याच्या भिंतीला टेकलेली राजदूत. सीट फाटलेली, टाकीवर शेणाचे शिंतोडे, कॅरिअरला दोन्ही बाजूंनी लोखंडी आकडे.]

राजदूत १७५, आजोबांची. नान्नजच्या पुढं आमचं गाव आहे. आजोबा पहाटे गावातलं दूध गोळा करून या गाडीवरून सोलापूरला आणायचे. ते आकडे किटल्यांचे आहेत. २०११ ला त्यांनी गाडी चालवणं सोडलं, तेव्हापासून ती इथंच आहे. आजोबा मागच्या वर्षी गेले. काका भंगारात देऊ म्हणतात, किलोवर. मी थांबवलंय. किक खालीच जात नाही, दगडासारखी घट्ट आहे. गाव सोडून पुण्याला नोकरी करते, महिन्यातून दोनदा येते. मला गाड्यांचं काही कळत नाही. ही सुरू होऊ शकेल का? आणि कागदपत्रांत फक्त जुनं पुस्तक आहे, त्याचं काय करायचं?

---

टू स्ट्रोक

ताई, भंगारात अजिबात देऊ नका. किकवर उभं राहून उड्याही मारू देऊ नका कुणाला, रिंग तुटून सिलिंडर ओरबाडला जाईल.

प्लग काढा. त्या भोकातून पन्नास-साठ मिली डिझेल आणि थोडं इंजिन ऑइल एकत्र ओता. प्लग हातानं हलका लावून ठेवा, कचरा आत जायला नको. आठ-दहा दिवस तसंच राहू द्या, मध्ये एकदा अजून थोडं ओता. मग गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हातानं पुढं-मागं हलवा. पुढं-मागं, नुसतं पुढं नाही. केसभर हललं तरी अर्धं काम झालं समजा.

---

मागवाला

ताई, टू स्ट्रोक अण्णा बरोबर सांगायलेत. सुटली तरी लगेच सुरू करू नका. चौदा-पंधरा वर्षं उभी म्हणजे क्रँकची सीलं लाकूड झाली असणार. टाकीत गंज असेल. पेट्रोल पाइप बदला. टाकी काढून आत मूठभर नट आणि डिझेल टाकून हलवा, दोन-तीनदा धुवा.

आता माझी गाडी.

[फोटो: लांब, बसकी बुलेट. एकच सीट, मागचा मडगार्ड अर्धा, टाकी न रंगवलेली, नुसत्या पत्र्यावर लॅकर.]

नव्वदीतली बुलेट आहे, बॉबर केलीय, म्हणजे जादा सामान उतरवून बसकी केलीय. आम्ही पूर्व भागातले, घरी टॉवेलचे माग. माझे काका जॉबर. माग बिघडला की भर रात्री उठून नीट करणारा माणूस. या गाडीच्या सीटखालची स्प्रिंग आहे ना, ती मागाच्या स्प्रिंगच्याच तारेची, आमच्याच वर्कशॉपात गुंडाळलेली. फूटरेस्टचे बुश गनमेटलचे, मागाच्या बुशसारखेच कातलेले. धोट्यावरची (धोटा म्हणजे मागात सूत इकडून तिकडं नेतो तो) पितळी टोकं हँडलच्या दोन्ही कडांना बसवलीत. सोलापूरची गाडी आहे तर तिच्यात सोलापूर दिसलं पाहिजे, असं मला वाटतं.

[फोटो: काकांचा उजवा हात, तर्जनीचं टोक नाही. तळहातावर पितळी टोक.]

बोट मागानं घेतलं, १९८९ ला. त्या हातानं त्यांनी ही सगळी गाडी घडवली.

---

अमीटर

मागवाला, काकांच्या हाताला मनापासून नमस्कार. काम अतिशय सुबक आहे, पितळी टोकं तर पुन्हा पुन्हा बघितली. तरीही मोकळेपणानं सांगतो, जुनी बुलेट कापलेली बघून मला वाईट वाटतं. कारखान्यातून निघालेलं रूप एकदा गेलं की गेलं. मडगार्ड, टूलबॉक्स, सीट या वस्तू आता मिळत नाहीत. पन्नास वर्षांनी कुणाला बिडाची बुलेट मुळात कशी होती ते बघायचं असेल, तर ती कुठंतरी जशीच्या तशी असायला हवी.

---

मागवाला

अमीटर काका, राग नाही. पण मी चेसिस कापलेली नाही. फ्रेमला एकही नवा वेल्ड नाही, एक भोक पाडलेलं नाही. मूळ मडगार्ड, सीट, टूलबॉक्स, सगळं घरी माळ्यावर तेल लावून, जुन्या चादरीत बांधून ठेवलंय. एका दिवसात परत पहिल्यासारखी करता येते. आणि दुसरं, ही गाडी मी घेतली तेव्हा तिचं निम्मं सामान आधीच गायब होतं. मूळ रूप माझ्या हाती आलंच नव्हतं.

---

अमीटर

चादरीत बांधून ठेवलंय हे वाचून बरं वाटलं. मग माझी तक्रार नाही. त्या माळ्याचाही एक फोटो टाका.

---

होटगी रोड

कायद्याचा विषय निघालाच आहे तर थोडं लिहितो. वकिली करतो, गाडी येझदी रोडकिंग. ती गॅरेजमध्ये आहे, फोटो नंतर.

गाडीत बदल करण्याबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कारखान्यानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. म्हणून फ्रेम कापणं, चाकांमधलं अंतर वाढवणं, भलतंच इंजिन बसवणं हे करूच नका. रंग बदललात तर आरसीवर नोंद करून घ्या. जाळी काढलेला सायलेन्सर तर लावूच नका. जुन्या गाडीचा आवाज ऐकून लोक हसतमुखानं वळून बघायला हवेत, कान झाकून नव्हे. मागवाला यांनी सगळं परत बसवता येईल असं ठेवलंय, ती सवय प्रत्येकानं लावून घ्यावी.

बार्शी रोड ताईंसाठी: पुस्तक आहे ही मोठी गोष्ट आहे. आधी इंजिन आणि चेसिस नंबर कापडानं स्वच्छ पुसून पुस्तकाशी ताडून बघा. जुळले तर गाडी आजोबांच्या नावावरून वारसाच्या नावावर करायची, म्हणजे मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढं तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढते. पर्यावरण कर वेगळा. मधल्या वर्षांचा दंड बसू शकतो, पण काम होतं. किलोवर विकण्याआधी हे काकांना समजावून सांगा.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम आहेत. नवीन नोंदणीला वीस हजार, मुदत दहा वर्षं, नूतनीकरणाला पाच हजार. नव्यानं नोंदवलेल्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, आधी नोंदलेलीला जुना नंबर ठेवता येतो. पण ती गाडी रोज रस्त्यावर वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली वगैरेपुरतीच. कंबर तलाव, तुमची जावा वयात बसते, पण तुम्ही तिच्यावरून भाजी आणता, तेव्हा साधी नोंदणीच चालू ठेवा.

---

कंबर तलाव

भाजीच काय, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेलाही तीच नेतो. आजोबा नंदीध्वजांची मिरवणूक बघायला आजीला याच गाडीवर मागं बसवून न्यायचे. साधीच नोंदणी ठेवणार. धन्यवाद वकीलसाहेब.

---

विहिरीवरचं इंजिन

फिटरच्या हाताचा फोटो आणलाय, खाली देतो. आणि एक विचारायचंय. माझ्या डिझेलला प्रश्न नाही, पण धाकट्या भावाची आरएक्स १०० आहे, १९९२ ची. दोन महिने उभी राहिली की सुरू होत नाही. कार्बोरेटर खोलला की तळाशी पाणी आणि हिरवट चिकट थर. पूर्वी असं व्हायचं नाही.

[फोटो: डिझेल पंपाचा बारीक प्लंजर चिमटीत, अंगठ्याला पट्टी बांधलेली.]

---

टू स्ट्रोक

हे आता सगळ्यांकडं होतंय. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. आपल्याच जिल्ह्यात एवढे साखर कारखाने, आपल्याच उसाचं इथेनॉल, शेतकऱ्याला त्याचे पैसे मिळतात आणि ते मिळायलाच हवेत. पण आपल्या जुन्या गाड्या त्या हिशेबानं बनलेल्या नाहीत, म्हणून काळजी आपणच घ्यायची. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी ठरावीक प्रमाणाबाहेर गेलं की ते इथेनॉलसह पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं. टाकीला आतून गंज, कार्बोरेटरच्या बॉडीला पांढरट-हिरवट थर, आणि जुने रबरी पाइप, वॉशर फुगतात किंवा भुसभुशीत होतात.

मी काय करतो ते सांगतो. पेट्रोल पाइप इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा घातला. आठवड्याहून जास्त उभी ठेवायची असेल तर टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवतो, म्हणजे कार्बोरेटरची वाटी रिकामी होते. टाकी एक तर काठोकाठ भरलेली ठेवायची किंवा पूर्ण रिकामी. अर्ध्या टाकीत हवा असते आणि हवेत पाणी. इथेनॉलमुळं मिश्रण थोडं पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं, त्यामुळं प्लगचा रंग बघत राहा. तपकिरी हवा, पांढरा पडला तर कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) एक नंबर मोठा लावा. सोलापूरच्या मे महिन्यात, त्रेचाळीस डिग्रीत, पातळ मिश्रणावर टू स्ट्रोक पळवणं म्हणजे पिस्टन गमावणं.

---

शेंगापोळी

माझ्याकडं गाडी नाही, कॅमेरा आहे. दर रविवारी तुमचे कुणाचे तरी फोटो काढून देईन, मनापासून. तोवर दोन-तीन गोष्टी. दुपारच्या उन्हात क्रोम पांढरंफटक येतं, काही दिसत नाही. उजाडल्यावरचा पहिला पाऊण तास, नाहीतर मावळतीनंतरची पंधरा मिनिटं. मोबाइल उभ्यानं धरू नका. गुडघ्यावर बसा, लेन्स इंजिनाच्या उंचीला आणा, गाडी लगेच भारदस्त दिसते. बिडाच्या बुलेटचा फोटो उजव्या बाजूनं, कारण किक, गिअर, सायलेन्सर सगळं तिकडं. जावा-येझदी डाव्या बाजूनं, तिची दांडी तिकडं. क्रोममध्ये स्वतःचं प्रतिबिंब दिसतंय का ते बघून बाजूला व्हा.

हातांचे फोटो मात्र वर्कशॉपच्या दारातल्या उजेडात काढा. फ्लॅश नको. फ्लॅशनं हातावरचं ऑइल चमकतं आणि रेषा पुसल्या जातात.

जागा सुचवते: हिप्परगा तलाव, तुळजापूर रस्त्यावर. थोडं लांब जायचं तर नळदुर्ग. हैदराबाद रस्त्यानं पन्नासेक किलोमीटर, काळा दगड आणि लाल गाडी फार सुंदर दिसते. पावसाळ्यात पाणी महालावरून नर-मादी धबधबे वाहत असतात.

---

अमीटर

नळदुर्गला जाऊया. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले त्यांचा दिवस साजरा करतातच, आम्ही बुलेटवालेही येतो. पहाटे साडेपाचला कंबर तलावापाशी जमू. सर्वांत हळू गाडी सर्वांत पुढं, म्हणजे मोहोळची डिझेल. साठच्या वर कुणी जायचं नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आमच्या घरून.

---

बार्शी रोड

तीन आठवड्यांनी लिहितेय. आधी मुख्य गोष्ट: सुरू झाली.

डिझेल अकरा दिवस ठेवलं. मागचं चाक आधी हललंच नाही, मग बाराव्या दिवशी मी आणि चुलतभावानं मिळून हलवलं तर बोटभर सरकलं. संध्याकाळपर्यंत पूर्ण फिरायला लागलं. मग टेम्पोत घालून सोलापूरला आणली. कंबर तलाव दादांनी त्यांच्या मेस्त्रींकडं नेली. सीलं बदलली, रिंगा बदलल्या, सिलिंडरला बोअर करायची गरज पडली नाही. इंजिन नंबर, चेसिस नंबर पुस्तकाशी जुळले. वकीलसाहेबांनी सांगितलेले कागद काकांनी स्वतः होऊन गोळा केलेत.

एक गोष्ट मेस्त्रींना कळेना. टाकीत गंज होता, पाइप कुजला होता, पण कार्बोरेटरची वाटी खोलली तर आत लख्ख. एवढ्या वर्षांचा थर असायला हवा होता. ते मला परत परत विचारत होते, "कुणी साफ केलता का हा?" कुणीच हात लावला नव्हता.

गावी गेल्यावर सहज आजीला सांगितलं. ती म्हणाली, "तो तर रोज मीच बंद करायची." आजोबा दूध घालून परतायचे, तेव्हा दोन्ही हातांत रिकाम्या किटल्या. गाडी अंगणात चालूच ठेवून ते किटल्या घेऊन हौदाकडं जायचे. आजी येऊन टाकीखालचा कॉक फिरवायची. गाडी मिनिट-दोन मिनिटं चालायची आणि आपोआप बंद पडायची, तोवर त्यांचे हातपाय धुऊन व्हायचे. असं का करायचं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. लग्नानंतर त्यांनी एकदा दाखवलं, ती करत राहिली. २०११ ला ते शेवटचे गाडी घेऊन आले, त्या दिवशीही तिनं कॉक बंद केला होता.

काल गाडी गावी आणली. अंगणात उभी केली, चालूच ठेवली. आजी ओट्यावरून उठली.

[फोटो: राजदूतच्या टाकीखाली वाकलेला हात, मनगटावर हिरव्या बांगड्यांच्या जागी एकच पाटली. दोन बोटांत पितळी कॉक.]

नळदुर्गला येतेय. मागच्या स्प्रोकेटचे दात झिजलेत, राजदूतचं स्प्रोकेट कुणाकडं आहे का?

---

मागवाला

मापं घेऊन पाठव ताई. आमच्याकडं कातून देतो.